पोवळ्याची भावंडं आणि चोवीस तासांची खानावळ

आमच्या आजीच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी असायची, मंगळ कडक म्हणून कुणीतरी सांगितलेली, आणि मला बरीच वर्षं वाटायचं की पोवळं म्हणजे माणिक-पाचूसारखाच एखादा दगड असणार. तो दगड नाही, सांगाडा आहे. भूमध्य समुद्रात पाण्याखालच्या गुहांमध्ये, कपारींच्या छताला उलटं लटकून वाढणाऱ्या एका प्राण्याचा लाल सांगाडा. त्यावर जिवंतपणी पांढरीशुभ्र फुलं असतात आणि प्रत्येक फुलाला मोजून आठ पाकळ्या. इटलीत नेपल्सजवळ तोर्रे देल ग्रेको नावाचं गाव आहे, तिथली माणसं कित्येक पिढ्या हेच पोवळं घासून पॉलिश करतायत. एक मिलिमीटर जाड व्हायलासुद्धा याला वर्षापेक्षा जास्त वेळ लागतो. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती अशी की हा प्राणी अंधारात राहतो आणि उन्हावर अजिबात जगत नाही.

हे मला कळलं तेव्हा मी न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये दीडशे लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरल ठेवायची खाऱ्या पाण्याची काचपेटी, घेऊन बसलो होतो आणि त्यातलं झाडासारखं एक गुलाबी कोरल रोज थोडं थोडं लहान होत चाललं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. टँकमध्ये आपण जी कोरल, म्हणजे पोवळ्याची ही भावंडं, ठेवतो त्यातल्या बहुतेकांच्या अंगातच सूक्ष्म शैवाल राहतं, झुझँथेली म्हणतात त्याला. त्या शैवालावर उजेड पडला की ते साखर बनवतं आणि घरभाडं दिल्यासारखी बरीचशी कोरलला देऊन टाकतं, काही जातींना तर लागणाऱ्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांपर्यंत तिथूनच मिळते. म्हणून रीफवाले चोवीस तास लाईटवर बोलत असतात, कुठला एलईडी, किती तास, किती निळा वगैरे. घरातच स्वयंपाकी आहे, तुम्ही फक्त गॅस चालू ठेवायचा. पण काही कोरलच्या घरात हा स्वयंपाकी नसतोच, त्यांना हॉबीत एनपीएस म्हणतात, नॉन-फोटोसिंथेटिक. यांच्या डोक्यावर कितीही भारी लाईट लावा, उपाशीच मरणार. पाण्यातून जे वाहत येईल तेवढंच यांचं जेवण.

आणि गंमत म्हणजे दुकानात सगळ्यात देखणी हीच दिसतात. तांबडी, नारिंगी, जांभळी, पिवळी, काचेसारखी पारदर्शक. त्यांना अन्न बनवणारं तपकिरी शैवाल बाळगायचं नसतं ना, मग रंग मोकळे.

ओळखायचं कसं, तर पहिली खूण हीच. पॉलिप म्हणजे ती फुलं उघडी असताना जवळून बघा. पॉलिपचा रंग खाकी, तपकिरी, मळकट हिरवा असेल तर बहुतेक आत शैवाल आहे आणि ते उजेडावर जगेल. पॉलिप पांढरे, पारदर्शक, लाल, पिवळेजर्द असतील आणि कुठेही तपकिरी छटा नसेल तर एनपीएस समजून चाला. पण ही खूण फसवते. काही झुझँथेलीवाल्या कोरलच्या अंगातले रंग इतके भडक असतात की तपकिरी दिसतच नाही, आणि आजारी होऊन शैवाल टाकून दिलेलं, म्हणजे ब्लीच झालेलं कोरलसुद्धा पांढरंशुभ्र दिसतं. वर काही ठिकाणी चक्क रंग चढवून विकतात, होळीला कुत्र्याला रंगवल्यासारखं. मी एकदा लिंबासारखं पिवळं लेदर कोरल आणलं, दोन आठवड्यांत पिवळा रंग पाण्यात विरून गेला आणि खाली निघालं साधं लेदर, ब्लीच झालेलं आणि अर्धमेलं. त्यामुळे नुसता रंग बघून निर्णय घेऊ नका, अंगाची ठेवण बघा.

दुसरी खूण पाकळ्यांची. मोजा. सॉफ्ट कोरल आणि समुद्रपंखे म्हणजे गॉर्गोनियन, हे सगळे आठ पाकळ्यांच्या कुळातले आणि त्या पाकळ्यांना पिसासारख्या बारीक फांद्या असतात. आजीचं पोवळंही याच कुळातलं, सांगाडा कडक असला तरी. सन कोरल नावाचं नारिंगी कोरल एनपीएसच आहे आणि दुकानात याच रांगेत ठेवतात, पण त्याच्या पाकळ्या साध्या आणि आठापेक्षा कितीतरी जास्त असतात, ते दगडी कोरल. हा फरक पुस्तकी वाटेल पण जेवणात पडतो. सन कोरलचं तोंड मोठं, त्याला कोळंबीचा बारीक तुकडा भरवता येतो, पोरासारखा एकेक घास. सॉफ्टवाल्यांचं तसं नाही.

आता दुकानात हमखास भेटणारी मंडळी. सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दगाबाज म्हणजे कार्नेशन कोरल, शास्त्रीय नाव डेंड्रोनेफ्थिया. खोड पारदर्शक, फुगलेलं, आणि त्याच्या आत काचेच्या सुयांसारखे काटे उभे-आडवे स्पष्ट दिसतात. पॉलिप घोसाघोसाने असतात आणि प्रत्येक घोसाला त्या सुयांचा आधार, त्यामुळे हाताला खरखरीत, टोचरं लागतं. याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक आहे, स्क्लेरोनेफ्थिया, नारिंगी-पिवळं-गुलाबी, पण त्याच्या पॉलिपना सुयांचा तो आधार नसतो म्हणून ते मऊ लागतं, आणि सांभाळायलाही थोडं सोपं. केनिया ट्री नावाचं तिसरं झाडही लांबून तसंच वाटतं पण ते तपकिरी, उजेडावर जगणारं आणि इतकं चिवट की नको म्हणलं तरी टँकभर पोरं करतं. मला ज्या दुकानदाराने ते गुलाबी झाड, म्हणजे डेंड्रोनेफ्थिया उर्फ डेंड्रो, विकलं त्याने ते ट्री कोरल, कमी उजेड चालतो, एकदम इझी असं सांगून विकलं होतं. कमी उजेड चालतो हे खरंच होतं म्हणा, त्याला उजेडाची गरजच नाही.

मग चिली कोरल. नावाप्रमाणे लाल मिरच्यांची मूठ उभी करून ठेवावी तसं, अंग घट्ट चामड्यासारखं, दिवसा बघाल तर काहीच नाही, नुसती मिरची. रात्री त्यातून पांढुरके पॉलिप बाहेर येतात आणि सकाळी पूर्ण आत जातात, बाहेर टिपूसही राहत नाही. नवशिक्याने एनपीएसमध्ये सॉफ्ट कोरल घ्यायचंच असेल तर हे घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर गॉर्गोनियन. फ्लोरिडा-कॅरिबियनकडून येणारं डिओडोगॉर्जिया लाल किंवा पिवळं असतं, बोटांसारख्या फांद्या आणि पांढरे पॉलिप. आशियाकडून येणारं मेनेला, ते पण बरं. निळसर-जांभळं ब्लूबेरी म्हणून विकतात ते अवघड आहे, फोटो बघून भुलू नका.

मूळ मुद्दा असा की ही कोरल पाणी खराब झालं म्हणून किंवा रोग आला म्हणून फारशी मरत नाहीत, ती भुकेने मरतात. आणि भुकेने मरताना दिसत नाहीत. माझं गुलाबी डेंड्रो आणलं तेव्हा वीतभर होतं, रोज फुगायचं, रोज सुंदर दिसायचं, आणि मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला बेसमेंटमध्ये नेऊन दाखवायचो. तिसऱ्या महिन्यात जुना फोटो सहज काढून बघितला तेव्हा कळलं की ते अंगठ्याएवढं झालंय. तोपर्यंत रंग तोच, डौल तोच. स्वतःचंच अंग खात खात ते लहान होत होतं. त्यामुळे माझा सल्ला, आणल्या दिवशी शेजारी स्केल धरून फोटो काढा आणि दर पंधरा दिवसांनी तसाच काढत जा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

मी त्याला घालत काय होतो? तर फ्रोझन ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव, दिवसातून एकदा, प्रेमाने. म्हणजे तान्ह्या पोराला भाकरी. पूर्वी सगळ्यांचाच समज होता की कोरल म्हणजे सूक्ष्म प्राणी पकडून खाणार. १९९५ साली कॅथरिना फॅब्रिशियस ही सागरी शास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी लाल समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावर काम करून दाखवलं की हे कोरल मुख्यतः वनस्पती-प्लवक खातं, म्हणजे पाण्यात तरंगणारं हिरवं सूक्ष्म शैवाल, ज्याला आपण फायटो म्हणतो. शाकाहारी निघालं की हो! पाकळ्यांवरच्या पिसांची चाळणी करून ते पाणी गाळतं. ब्राइन श्रिम्प त्याच्या अंगावर आदळून पुढे निघून जात होते आणि मी वर बसून खूश.

फायटोचे कण दोन ते पंधरा मायक्रॉनच्या आसपास, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यानंतर रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी येतात, साधारण शंभर ते तीनशे मायक्रॉनचे. आणि अंड्यातून नुकतंच निघालेलं ब्राइन श्रिम्पचं पिल्लू चारशे-पाचशेच्या घरात. डेंड्रो आणि स्क्लेरोनेफ्थियाला मुख्यतः पहिला प्रकार लागतो, गॉर्गोनियनला फायटो, रोटिफर, पावडर फूड असं मिश्रण, आणि चिली कोरल ब्राइन श्रिम्पची पिल्लं आवडीने घेतं, म्हणून तर ते सोपं. पाहुणा कोण आहे हे ओळखायचं ते यासाठी, पानात काय वाढायचं ते त्यावरून ठरतं.

दुसरी गोष्ट किती वेळा. इथे मला आपल्याकडचं डोल जाळं आठवतं. वसई-वर्सोव्याकडचे कोळी बांधव समुद्रात खुंट ठोकून डोल लावतात, जाळं जागचं हलत नाही, भरती-ओहोटीचं पाणीच त्यातून वाहतं आणि बोंबील आत येऊन पडतात. पाणी थांबलं की मासळी नाही. हे कोरल म्हणजे हजारो इवल्या डोली. त्यांना मासळीच्या मागे पळता येत नाही, त्यांच्यातून किती पाणी जातं आणि त्या पाण्यात किती दाणे आहेत एवढ्यावरच सगळा हिशोब. समुद्रात दाणा थोडा असतो पण दिवसरात्र येत राहतो. दिवसातून एकदा ताट भरून वाढलं तर त्यातलं चिमूटभर पोटात जातं आणि बाकीचं टँकमध्ये कुजतं.

गोव्याला ग्रँड आयलंडला मी एकदा डायव्ह केलं होतं. पाणी हिरवट, हात लांब केला तर बोटं अंधुक, म्हणलं पैसे वाया गेले. मग इन्स्ट्रक्टरने खडकाच्या पोटाखाली बोट दाखवलं तर तिथे उलटे लटकलेले नारिंगी गुच्छच्या गुच्छ, सन कोरल. तेव्हा नुसतं बघून आलो, डोक्यात काही आलं नाही. नंतर कळलं की आपल्याला जे गढूळ वाटतं तो त्यांचा वाढलेला पाट आहे. तोच हिरवेपणा मी इथे बाटलीतून विकत घेतो.

तर माझी सध्याची व्यवस्था अशी. एका छोट्या फ्रीजमध्ये फायटोची बाटली, तिच्यातून नळी निघून डोझिंग पंपातून, म्हणजे ठरल्या वेळी मोजून सोडणाऱ्या पंपातून, टँकमध्ये, दर तासाला थोडे थोडे मिलिलिटर, चोवीस तास. बाटली रोज हलवावी लागते नाहीतर सगळं तळाला बसतं. हा फ्रीज यायच्या आधी बाटली स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये असायची आणि एका पाहुण्यांनी ती पुदिन्याची चटणी समजून ढोकळ्यावर घेतली होती, त्यानंतर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही, पण दुसऱ्याच आठवड्यात छोटा फ्रीज आला.

रात्री साडेदहाला चिलीचं जेवण, ते मात्र हाताने. लाल टॉर्च लावायचा, पांढरा लावला तर पॉलिप आत जातात. आधी सिरिंजने खाणं भिजवलेलं नुसतं पाणी सोडायचं, वास लागला की पंधरा-वीस मिनिटांत एकेक पॉलिप उमलतो. मग ब्राइन श्रिम्पची त्याच दिवशी निघालेली पिल्लं, नारिंगी ठिपक्यांसारखी, वरच्या बाजूने हळूच सोडायची, अंगावर फवारायची नाहीत. ठिपका पाकळीला चिकटतो, ती एकटीच पाकळी आत वळते, दोन-तीन सेकंदांत ठिपका मधल्या तोंडात. पॉलिप इतका पारदर्शक की पोटात गेलेला नारिंगी दाणा बाहेरून दिसतो. आई चिपळूणहून आली होती तेव्हा हे सगळं शेजारी खुर्ची टाकून बघत बसली आणि म्हणाली, देवाला एवढ्या वेळेवर नैवेद्य दाखवला असतास तर.

प्रवाहाचं बघा आता. जोरदार फवारा थेट अंगावर नको, पॉलिप दुमडतात आणि दुमडलेला पॉलिप काही पकडू शकत नाही. एका दिशेने सतत सरकणारं पाणी हवं, फांद्या हलक्या डुलतील इतकं. समुद्रपंखा लावताना पसरट बाजू प्रवाहाला आडवी यायला पाहिजे, डोलीचं तोंड जसं लावतात तसं. आणि जागा शक्यतो कपारीखाली, सावलीत, चिली तर उलटं लटकवलं तरी आनंदात. उजेडाने यांचं थेट काही बिघडत नाही, पण उजेडात अंगावर शेवाळ चढतं आणि एकदा चढलं की पॉलिप उघडत नाहीत. चिकटवताना सुपरग्लू बुळबुळीत अंगाला धरत नाही, बुडाशी टूथपिक आरपार घालून ती रबरबँडने दगडाला बांधा, काही दिवसांत ते स्वतः पकड घेतं.

आता खरकट्याचा प्रश्न, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. चोवीस तास खानावळ चालवायची म्हणजे चोवीस तास उष्टं पडणार. नायट्रेट, फॉस्फेट वाढणार, शेवाळ येणार. स्किमर, म्हणजे पाण्यात फेस करून घाण काढणारं यंत्र, लावला तर तो फेसाबरोबर जेवणही काढतो, फिल्टर सॉक म्हणजे गाळायची पिशवी लावली तर त्यात सगळं अडकतं. म्हणजे एका दाराने वाढायचं आणि दुसऱ्या दाराने लगेच पान उचलायचं. मी सॉक काढूनच टाकलाय, स्किमर टायमरवर, रात्री चार तास बंद. सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीत, किटोमॉर्फा नावाचं गुंतवळासारखं शैवाल वाढवतो, ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं आणि महिन्यातून एकदा मूठभर उपटून फेकलं की तेवढी घाण बाहेर. फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे. आणि दर आठवड्याला तीस लिटर पाणी बदल, याला पर्याय नाही, कंटाळा आला तरी. तापमान चोवीस-पंचवीस अंश सेल्सियस, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद आठ डीकेएचच्या आसपास, हे बाकी रीफसारखंच.

काही जण व्होडका घालतात. गंमत नाही, खरंच. व्होडकातल्या कार्बनवर बॅक्टेरिया वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात आणि मग स्किमर त्या बॅक्टेरियांना काढतो. काम करतं, पण डोस मिलिलिटरच्या दशांशात मोजायचा असतो, एकदम जास्त गेली की बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि सकाळी मासे उलटे. मी सहा महिने केलं, मग सोडलं, रात्रीची झोप जास्त महत्त्वाची.

तब्येत कशी ओळखायची याबद्दल दोन गोष्टी. डेंड्रो, स्क्लेरोनेफ्थिया पाणी भरून फुगतात आणि दिवसातून एखाद्या वेळी पाणी सोडून फाटक्या फुग्यासारखे पडतात, ते बघून घाबरू नका, काही तासांत परत उभे राहतात. सलग तीन-चार दिवस पडलेलं असेल, बूड मऊ होऊन वास येत असेल, तर मात्र लगेच बाहेर काढा. गॉर्गोनियनचं उलटं, ते कधी फुगत नाही, पण एखाद्या जागी साल निघून आतली काळपट काडी दिसायला लागते. तिथे वाट बघायची नाही. जिवंत भागात बोटभर आत येऊन कात्रीने सरळ कापायचं, जिवंत तुकडा वेगळ्या दगडावर लावायचा. मेलेल्या काडीवर शेवाळ बसतं आणि ते हळूहळू जिवंत सालीवर सरकतं. माझ्या लाल डिओडोगॉर्जियाचे असे कापून कापून आज पाच तुकडे आहेत आणि मूळ झाड केव्हाच संपलं.

डेंड्रो मी परत आणलेलं नाही. काही लोकांनी मोठ्या सिस्टिमवर वर्षानुवर्षं ठेवलंय, पण दीडशे लिटरमध्ये, नोकरी करून, ते माझ्याच्याने होणारं नाही, आणि ते मान्य केल्यापासून दुकानात त्याच्यासमोर उभा राहिलो तरी हात खिशात राहतात. घ्यायचंच असेल कुणाला तर बूड बघून घ्या. गोळा करताना दगडावरून खरवडून काढलेलं असेल तर तिथली जखम चिघळते, खाली दगडाचा तुकडा चिकटलेला असेल तेच घ्या. आणि दुकानदाराला म्हणा, समोर खायला घालून दाखव. तो टाळाटाळ करायला लागला तर समजा त्यानेही आणल्यापासून काही घातलेलं नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायला हवं, कारण इथले व्हिडिओ बघून तिकडे कुणी सुरू करेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली दगडी कोरल, काळं कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे सगळे पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्याच यादीत. किनाऱ्यावर ओहोटीला दिसलेला पंखा उपटून घरी आणणं, किंवा कुठल्या फिश मार्केटात मागच्या खोलीतून बादलीत काढून दाखवतात ते घेणं, हे नुसतं चुकीचं नाही, गुन्हा आहे. मेलेला, वाळलेला पंखा शोकेससाठी आणला तरी तेच.

ज्यांना हा प्रकार जमतोय का हे आधी बघायचंय त्यांनी कोरल न आणताच महिनाभर करून बघा. रोज ब्राइन श्रिम्पची अंडी उबवा, फायटोची बाटली हलवा, दर आठवड्याला पाणी बदला, नायट्रेट मोजून वहीत लिहा. माझ्या एका मित्राने असं केलं आणि अकराव्या दिवशी अंडी उबवायची बाटली धुवायची राहिली, बेसमेंटभर बोंबील वाळत घातल्यासारखा वास सुटला. त्याने आता गप्पी ठेवलेत.